बोलकाईचा शेंदूर

शेंदूर खरवडायला सिनेमावाल्यांनी भिंतीला लांबी भरायचा पत्रा आणला होता. सेटवरचा एक माणूस बोलकाईपुढे उकिडवा बसून खपल्या पाडत होता. बोटभर जाडीच्या खपल्या. वर केशरी, आत काळपट, त्याच्याही आत पुन्हा लाल. खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर त्या टपाटप पडत होत्या. माझ्या सासूबाई आठ-दहा हातांवर पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. त्या दगडाला त्यांनी सून म्हणून आल्यापासून दर मंगळवारी शेंदूर लावला होता. तो आता एक परका माणूस ओरबाडून काढत होता आणि त्या गप्प होत्या, कारण त्यांच्या नातीला त्या दिवशी सगळ्या गावासमोर बोलायचं होतं.

"कुणाला विचारलंत?" मी कैवल्यला म्हटलं.

कैवल्य दिग्दर्शकाचा मदतनीस होता. पंचविशीचा, बारीक अंगाचा, गळ्यात शिट्टी आणि हातात कायम कागदांचा पॅड. "सरपंचांची लेखी परवानगी आहे, ताई," तो म्हणाला. "आणि पॅकअपच्या आधी आर्टवाले परत लावून देतील. अगदी सेम."

"इतक्या वर्षांचा शेंदूर कुठून आणणार?"

तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत केली.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. आमचं गाव खाडीच्या काठाला. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला लांबलचक बांध, आणि बांध संपतो तिथे उंडीच्या झाडाखाली बोलकाई. देवी म्हणायची, पण मूर्ती नाही. छातीएवढा उभा दगड, अर्धा मातीत. वरच्या टोकाला चंद्र-सूर्य कोरलेले तेवढे दिसायचे, बाकी सगळा शेंदूर. तिच्या पोटावर अक्षरं आहेत असं जुनी माणसं सांगायची. ज्या अर्थी अक्षरं आहेत त्या अर्थी ती बोलते, आणि ज्या अर्थी ती बोलते त्या अर्थी ज्या पोरांना वाचा उशिरा फुटते त्यांना तिच्या पायावर घालायचं, असा तो हिशेब होता. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून मुलं यायची.

आमची स्वरदाही तिच्या पायावर घातलेली. नाव मी हौसेने ठेवलं होतं, आणि साडेतीन वर्षांपर्यंत पोरीने तोंडातून शब्द काढला नाही. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, काय गो, तुझी स्वरदा सूर कधी लावणार? मग बोलायला लागली तर अडखळायला लागली. पहिलं अक्षर दातात अडकायचं, मान पुढे यायची, डोळे मोठे व्हायचे. "पा... पा... पा..." आणि पाणी येईपर्यंत माझ्या घशाला कोरड पडायची. दर गुरुवारी मी तिला एसटीने अलिबागला डॉक्टरकडे न्यायची आणि मंगळवारी सासूबाई तिला बोलकाईकडे न्यायच्या. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली, पण शेंदराची वाटी मीच धरायची. माझ्यासारख्या काळजीखोर आईला नाही म्हणायला उसंत नसते.

आणि अशात सिनेमावाले आले.

सिनेमा भुताचा होता. नाव मी इथे लिहीत नाही, त्याची जाहिरात करायची मला हौस नाही. कथा कैवल्यने आमच्या ओटीवर बसून चहा पिताना सांगितली होती. प्राचीन काळी एका राजाने शाप कोरलेला दगड उभा केला. एका जमीनदाराने तो लोभापायी उखडला. तेव्हापासून त्याच्या घराण्यात सात पिढ्या, प्रत्येक पिढीतली एक मुलगी सहा वर्षांची झाली की तिचे डोळे पांढरे होतात आणि ती प्राचीन भाषेत शाप बोलू लागते. मी विचारलं होतं, दगड उखडला जमीनदाराने, मग डोळे मुलीचे का पांढरे होतात? कैवल्य म्हणाला, ताई, हॉररमध्ये मुलगीच असते. मला ते तेव्हा चालून गेलं. कॉलेजात असताना असे सिनेमे मी मैत्रिणींचा हात घट्ट धरून चवीने पाहिले होते. शापाचे सिनेमे मला आवडायचे, हे लपवून उपयोग नाही.

त्यांनी मुंबईहून आणलेली मुलगी तापाने फणफणली आणि परत गेली. मग दिग्दर्शकाने, त्याला सगळे नुसते सर म्हणत, बांधावर उभी असलेली माझी मुलगी पाहिली. तिचं ते न बोलता टक लावून बघणं त्याला फार आवडलं. मी तीनदा नाही म्हटलं. हर्षल, माझा नवरा, म्हणाला की लोकांपुढे तिची फजिती होईल, आपण नकोच. सर म्हणाले, एकच वाक्य आहे, नाही जमलं तर दुसऱ्या कुणाच्या आवाजात भरू.

त्या वाक्याने घोटाळा केला. कैवल्यने तिला ते सरळ शिकवलंच नाही. मांडीवर ताल धरून, आरती म्हणावी तसं त्याने ते हेल काढून म्हटलं आणि तिला म्हणाला, माझ्या मागून गा.

"जो हें शासन लोपी, तेहाची माय..."

आणि माझ्या मुलीने ते म्हटलं. न अडकता. मान पुढे न काढता. पहिलं अक्षर ओठांतून सुटलं आणि पुढची त्याच्या मागे आपसूक आली. मी ओटीच्या कडेला तांदूळ निवडत होते. सूप तसंच खाली ठेवलं. चौथ्यांदा मला नाही म्हणवलं नाही, आणि हर्षलने कागदावर सही केली. सासूबाई आतून हात पुसत आल्या. "माय म्हंते बग," त्या म्हणाल्या. "बोलकाईचा नाव घेते माजी पोर."

"अजून शेवटचे दोन शब्द आहेत," कैवल्य म्हणाला. "ते सेटवरच शिकवतो, नाहीतर आधीच म्हणून टाकेल."

मी तर शहाणपणाने सासूबाईंना अर्थही सांगितला. शासन म्हणजे राजाने दिलेलं दानपत्र, आई. लोपी म्हणजे मोडील. जो हे दानपत्र मोडील, त्याची माय... म्हणजे देवी त्याला बघून घेईल, असं काहीतरी असणार. इतिहासाची पदवी अशी त्या दिवशी कामाला आली. पुढचे आठ दिवस स्वरदा ते वाक्य घरभर म्हणत हिंडली. झोपाळ्यावर, न्हाणीत, कोंबड्यांना दाणे टाकताना. हर्षल कामावरून आला की आधी तिच्याकडून ते म्हणवून घ्यायचा आणि मग चपला काढायचा. मी त्या आठ दिवसांत सगळ्यावर नजर ठेवली. सेटवरच्या वायरी कुठून जातात, उन्हात तिला किती वेळ उभं करणार, डोळ्यांत घालायच्या पांढऱ्या काचा कुठल्या (त्या मी घालूच दिल्या नाहीत), प्यायचं पाणी उकळलेलं आहे का. त्या एका वाक्याकडे मात्र पाहिलं नाही.

तर त्या सकाळी दहाच्या सुमाराला सगळा गाव बांधावर, सेटच्या दोरीमागे जमला होता. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडलेला. स्वरदाला मळक्या पांढऱ्या झग्यात दगडापुढे उभी केलेली, केस मोकळे सोडलेले. कैवल्य तिच्यापुढे गुडघ्यावर बसून तिच्या कानात शेवटचे दोन शब्द सांगत होता. ती मान डोलवत होती. दगडाभोवती त्यांनी हातभर माती उकरली होती. खरवडणारा माणूस उठला, ओल्या फडक्याने त्याने दगड पुसला आणि बाजूला झाला.

खाली दोन ओळी अक्षरं होती, ती मी नंतर पाहिली. आधी दिसलं ते वरचं चित्र. एक बाई, आडवी. उघडी. आणि तिच्यावर एक जनावर. कान लांब.

कॉलेजात आमची एकदा सहल गेली होती शिलालेख पाहायला. एका शेतात तसाच एक दगड होता. आमच्या प्राध्यापकांनी मुलांना तिथे थांबवलं आणि म्हणाले, मुलींनी जरा पुढे चला, तुम्हाला पुढचं देऊळ दाखवतो. आम्ही पुढे गेलो. मी मागे वळून पाहिलं होतं. मुलं हसत होती. वर्गातल्या एकाने परतीच्या गाडीत कुजबुजत सांगितलं होतं की असल्या दगडाला गधेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी.

"जो हें शासन लोपी, तेहाची माय..." ही अर्धी ओळ माझ्या डोक्यात आठ दिवस वाजत होती. तिचे उरलेले दोन शब्द मला त्या दगडावर दिसले. ते मी इथे लिहिणार नाही. एसटी स्टँडवर, पानाच्या टपरीवर, क्रिकेटच्या मैदानात पोरं एकमेकांना आईवरून जे बोलतात तेच ते. फक्त आठशे वर्षं जुनं, आणि गाढव घातलेलं.

शिट्टी वाजली. सगळे शांत झाले. कुणीतरी काहीतरी पुकारलं आणि कॅमेरा चालू झाला.

स्वरदाने ताल धरण्यासाठी बोटं मांडीवर आपटली आणि सुरुवात केली. स्वच्छ, खणखणीत. "जो हें शासन लोपी..." माझ्या मागे कुणीतरी बाई म्हणाली, बाई बाई, कशी बोलते पोर. सासूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "तेहाची माय..."

मी दोरी ओलांडून धावले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

तीन वर्षं जिच्या तोंडातून एक शब्द सरळ बाहेर पडावा म्हणून मी देव, डॉक्टर, दगड सगळं केलं, तिच्या तोंडावर. घट्ट. तिचे ओठ माझ्या तळहाताखाली त्या शब्दाच्या आकारात हलले आणि थांबले. तिने माझ्याकडे वर पाहिलं. ती नजर मला पंधरा वर्षांत विसरता आलेली नाही.

पुढे बराच गोंगाट झाला. वेळ जातोय असं कुणी ओरडत होतं, सरपंच मला बाजूला व्हायला सांगत होते, गावातली दोन-तीन पोरं दगडाजवळ जाऊन चित्र पाहून हसू दाबत होती. हर्षल जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, काय आहे ते घरी बोलू, लोकांसमोर तमाशा नको. मी स्वरदाला कडेवर घेतलं आणि सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"याचा अर्थ तुम्हाला माहीत होता?"

सर खुर्चीतून उठले नाहीत. "मॅडम, ओरिजिनल शाप आहे हा," ते म्हणाले. "आम्ही लिहिलेला नाही. असल्या सगळ्या दगडांवर हाच असतो, आठशे वर्षं जुना आहे. किती रिसर्च केलाय आम्ही."

"शाप नाही हा. शिवी आहे."

"तेच ना. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे."

"मराठीत दोन आहेत."

ते हसले. समजूत घालण्याच्या सुरात त्यांनी मला सांगितलं की मुलीला कुठे अर्थ कळतोय, थिएटरात बसलेल्यालाही कळणार नाही. आणि कळत नाही म्हणूनच भीती वाटते. मोठ्या माणसाच्या तोंडून तेच आलं तर कुणी ढुंकून बघणार नाही. "लहान मुलीच्या तोंडून आलं की अंगावर काटा येतो."

म्हणजे माहीत होतं. मी कैवल्यकडे पाहिलं. तो पॅडवरच्या कागदाचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता, पुन्हा दुमडत होता. आठ दिवस आमच्या ओटीवर बसून त्याने चहा प्यायला होता. सासूबाईंनी त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली होती.

"जमीन बळकावणार कोण?" मी सरांना विचारलं. माझा आवाज चिरकत होता. "पुरुषच ना? मग गाढव त्याच्यावर का नाही घातलं? त्याची आई कुठे गेली होती जमीन खायला? राजाला नाही सुचलं, ते तुम्हाला तरी सुचायचं. तुम्ही तेच सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात घालताय, आणि ते तिच्या आईसमोर."

"ताई," कैवल्य हळूच म्हणाला, "सॉरी."

"तुझ्या आईला ऐकवशील हे वाक्य? पूर्ण?"

मध्येच सर म्हणाले की परवानगीचा कागद आहे, हर्षलची सही आहे, आणि पाच मिनिटांत पुढचा टेक घ्यायचा आहे, तेवढ्यात मुलीला शांत करा.

तेवढ्यात माझ्या कोपराला कुणीतरी धरलं. सासूबाई होत्या. "गाडवाचा काय गो?" त्या म्हणाल्या. "काय हाय तिथं? मला दिसत नाय नीट. ही पोरं का हसतात?"

त्यांना कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बेचाळीस वर्षं मंगळवारी उपाशी राहून ज्या बाईने त्या दगडाची ओटी भरली, तिला मी काय सांगणार होते? मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. पाच-सहा शब्दांत. सांगताना मलाच शरम वाटली आणि त्या शरमेचाही राग आला.

त्या चालत दगडापाशी गेल्या. हसणारी पोरं बाजूला सरकली. त्या खाली बसल्या, डोळ्यांवर आडवा हात धरून जवळून पाहिलं, मग बोटाने त्या बाईचा आकार डोक्यापासून पायापर्यंत चाचपला.

"उगडी हाय," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"कदीपासून?"

"आठशे वर्षं म्हणतात."

त्यांनी प्लास्टिकवरची एक खपली उचलली. जाड, थरांची. ती उलटी करून आतला सगळ्यात जुना, काळा पडलेला थर पाहिला.

"म्हंजे जिनं पयला हात लावला तिला दिसला असंल," त्या सावकाश म्हणाल्या. "दिसला म्हणून तर लावला. आमी येड्या, आमाला वाटला पूजा हाय." मग मान वळवून, आवाज न चढवता, त्यांनी मुलाला हाक मारली. "हर्षल. घरी जा. तेल घेऊन ये आनि शेंदूर, हाय तेवडा सगला."

त्याने सरपंचांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग दगडाकडे. तमाशा नको म्हणणारा माझा नवरा बांधावरून घराच्या दिशेने चालू लागला, आणि थोडं पुढे गेल्यावर पळू लागला.

सासूबाई दगडाला पाठ लावून बसल्या. चंद्र-सूर्य त्यांच्या डोक्यावर, बाकी सगळं त्यांच्या पाठीआड. सरपंच विनवून थकले. एका साठीच्या बाईला उचलून बाजूला ठेवायची कुणाची छाती झाली नाही. एकेक करत बांधावरच्या बायका दोरी ओलांडून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. सगळ्यांना काय झालंय ते कळलं होतं असं नाही. दुपारी सिनेमावाल्यांनी सामान आवरलं. बोलकाई त्यांनी पुढे थर्माकोलची केली असं ऐकलं.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. ते वाक्य त्यात आहे, पूर्ण आहे, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. लोक घाबरतात, कुणालाही अर्थ लागत नाही, सरांचं म्हणणं खरं निघालं. पण त्या सिनेमातलं सगळ्यात भयंकर म्हणून जे दृश्य सांगतात, जाहिरातीतही जे दाखवायचे, ते वेगळंच आहे. मोकळ्या केसांची एक लहान मुलगी बोलत असते आणि अचानक बाजूने एक हात येतो आणि तिचं तोंड दाबतो. त्यावर मोठ्ठा ढोल वाजतो. तो हात भुताचा आहे असं कथेत आहे. नीट पाहिलं तर मनगटात हिरव्या बांगड्या दिसतात आणि अंगठ्याजवळ विळीने कापल्याचा व्रण. मी पत्र लिहिलं, फोन केले. कागदावर सही आहे, असं उत्तर आलं. आजही कुठल्याशा वाहिनीवर तो सिनेमा लागतो आणि घराघरांत माणसं माझ्या हाताला घाबरतात.

त्या दिवशी मात्र तो हात रिकामा होता आणि त्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं. माझ्या हाताखाली गप्प झालेली स्वरदा त्यानंतर बोललीच नव्हती. पाणी हवं का, नाही. भूक लागली का, नाही. नुसती मान. चार वाजत आले, भरतीचं पाणी बांधाला लागलं. झग्यावरून मी माझी ओढणी तिला गुंडाळली होती. सासूबाई परातीत तेल आणि शेंदूर कालवून दगडाला लावत होत्या. घाईने नाही. लुगडं नेसवावं तसं पायांपासून वर. हर्षल वाटी धरून शेजारी बसला होता. जनावर गेलं, पाय गेले, पोट गेलं. त्यांनी बोटांवर गोळा घेतला आणि तो त्या बाईच्या चेहऱ्याकडे नेला. चेहरा म्हणजे काय, दोन टिंबं आणि खाली एक चीर.

स्वरदा माझ्या मांडीवरून उतरली. परातीपाशी गेली आणि तिने आजीचं मनगट धरलं.

तिची मान पुढे आली. डोळे मोठे झाले. पहिलं अक्षर अडकलं, सुटेना. कुणी मध्ये बोललं नाही. हर्षल नाही, मी नाही. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"तों... तों... तोंड नको, आजी," ती म्हणाली. "ति... तिला बो... बोलायचं असेल."

सासूबाईंनी हात मागे घेतला. बोटांवरचा शेंदूर त्यांनी दगडाच्या पायाशी पुसला.

बोलकाई अजून तिथेच आहे, उंडीच्या झाडाखाली. चंद्र-सूर्याखाली सगळी केशरी, मध्ये हाताच्या तळव्याएवढी जागा उघडी. मंगळवारी शेंदूर लावायला येणाऱ्या नव्या सुनांना कुणीतरी सांगावं लागतं की तेवढं सोडून लावायचं. हल्ली ते स्वरदा सांगते. वेळ लागतो तिला. त्या थांबतात.